या वेळी पाकिटात फोटो आहेत

प्रिय आई-बाबा,

रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, असं आई म्हणेलच. पाकिटात बारा फोटो आहेत म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले असते तर बाबा, तुम्ही ते अंगठ्याएवढे बघून "छान" लिहिलं असतंत, म्हणून मोठे प्रिंट काढलेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला स्वच्छ दिसतंय ना, मग सावकाश बघा.

आई, तू विचारत होतीस रविवारी माझा फोन का लागत नाही. मी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी फेरीबोट, पकडते, वरच्या डेकवर उभी राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालवाहू बोटींचे फोटो काढते, मांडव्याला चहा पिते आणि परत. रेलिंगवर वाकत नाही, नेव्हीच्या बाजूला कॅमेरा वळवत नाही, टोपी असते डोक्यावर, काळजी करू नकोस. तू लहान असताना मालवणहून पडावात बसून आगबोटीवर चढलीस आणि मुंबईला उतरलीस तो हाच धक्का, तिथे गेले की दर वेळी तुझी ती उलट्यांची गोष्ट आठवते मला.

सकाळी पलीकडच्या न्हावाशेवा बंदराच्या बाजूच्या बोटी उन्हासमोर नुसत्या काळ्या दिसतात, पण दुपार कलल्यावर परत येताना त्याच बोटींवर पश्चिमेचं ऊन पडतं आणि रंग, गंज, नांगराच्या साखळीचे ओघळ, मागचं नाव, सगळं उजळून निघतं. तो अर्धा तास मला फार आवडतो. चार नंबरचा आणि पाच नंबरचा फोटो शेजारी ठेवून बघा, बोट तीच आहे, नांगरावर उभी, पण एकात तोंड समुद्राकडे आणि दुसऱ्यात बंदराकडे. भरतीचं पाणी आत येतं तेव्हा ती समुद्राकडे तोंड करते, ओहोटीला फिरते. आता मी लांबून बोटीचं तोंड बघून सांगते भरती आहे की ओहोटी!

बाबा, हा हिशोब खास तुमच्यासाठी. प्रत्येक मोठ्या बोटीला सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) नंबर असतो, बोट विकली, नाव बदललं, झेंडा बदलला तरी नंबर तोच राहतो. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे नंबरातला सातवा आकडा. ९०७४७२९ घेऊन बघा, बेरीज १३९ येते, शेवटी ९. फोटोत एखादा आकडा पुसट आला की मी असाच पडताळून बघते. आणि मागे नावाखाली बोटीच्या नोंदणीचं गाव लिहिलेलं असतं, पनामा, मोनरोव्हिया, माजुरो, ती बोट त्या गावाला कधी गेलीही नसेल.

सहा नंबरची कंटेनर बोट बघून मला तुमचं मुंबई बंदरातल्या इंदिरा डॉकचं गेट आठवलं. गेटची रुंदी १०० फूट (साधारण ३० मीटर), असं तुम्ही जेवताना हजारदा सांगितलं असेल आणि मी ताटातून मान वर केली नसेल. १९१४ साली उघडलेल्या गोदीचं गेट ते, आत्ताच्या मोठ्या कंटेनर बोटी ४० मीटरच्या वर रुंद, त्या कुठून आत येणार, त्या पलीकडे न्हावाशेवालाच जाणार. म्हणजे तुम्ही सांगत होतात तो मुद्दाच मोठा होता आणि मला तेव्हा कंटाळा यायचा. बाबा, मला त्याचं फार वाईट वाटतं, खरंच. तुमचं काम 'टॅली क्लार्क' असं मी कॉलेजच्या फॉर्मवर लिहिलं, पण तो नक्की काय करतो हे तुम्हाला कधी विचारलं नाही.

आता विचारते. नऊ नंबरचा फोटो बघा, जुनी बोट आहे, तिचे स्वतःचेच डेरिक, म्हणजे माल उचलायचे दांडे, आहेत. अशाच बोटींवर तुम्ही पोती मोजायचात का? एका स्लिंगमध्ये, म्हणजे उचलायच्या एका दोरफासात, किती यायची? रात्रपाळीला उजेड कसला असायचा? आणि दहा नंबरमध्ये बाजूला ते आडव्या रेघेचं गोल चक्र आहे, त्याच्या बाजूच्या टी आणि एस रेघा मला कळतात, उष्ण पाण्यात आणि उन्हाळ्यात बोट किती खोल बसू द्यायची त्या, पण या बोटीच्या चक्राखाली लाल रंग इतका उघडा दिसतोय, ती पूर्ण रिकामी असेल की अर्धी? तुम्ही नुसतं बघून सांगाल.

उत्तरं फोनवर नकोत, तुम्ही दोन वाक्यांत आटपता. प्रत्येक फोटोच्या मागे लिहा आणि आईकडे द्या, ती पुढच्या महिन्यात येतेय ना माझ्याकडे, तिच्या पिशवीत बसतील. पेन्सिलीने लिहा मात्र, पेनची शाई ग्लॉसी कागदावर पसरते.

तुमची,
बेबी