खिशातल्या चिठ्ठीआधीची वही : शालेय शिक्षणमंत्र्यांस खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

फेब्रुवारी-मार्च आला की मराठवाड्यातील परीक्षा केंद्रांभोवती भरारी पथके फिरू लागतात, बैठी पथके ठाण मांडतात, जवळची झेरॉक्सची दुकाने बंद होतात, आणि तरीही मागच्या कुंपणावरून कुणीतरी आत चिठ्ठी फेकतोच. मी बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत २८ वर्षे गणित शिकवले. पर्यवेक्षक म्हणून मुलांच्या खिशांतून मायक्रो झेरॉक्सच्या पट्ट्या मी स्वतः काढल्या आहेत. बंदोबस्ताला माझा विरोध नाही. १९८२ चा परीक्षांमधील गैरप्रकार रोखणारा कायदा हवाच; आणि २०१० च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त अभियान नेटाने राबवले, तेव्हा प्रशासनाने मनावर घेतले तर काय घडू शकते, हे साऱ्या विभागाने पाहिले. पण ती चिठ्ठी तयार कुठे होते, हे आपल्याला सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एका वर्षी भूमितीच्या पेपरला एका मुलाजवळ पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता सापडली. नियमाप्रमाणे कारवाई झाली. परीक्षा संपल्यावर मी त्याच्या घरी गेलो. वडील गवंडी, आणि सुट्टीत हा मुलगा त्यांच्या हाताखाली कामाला जात असे. पाया आखताना कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे हे कसे ओळखता, असे मी त्याला सहज विचारले, तेव्हा त्याने अंगणातच दोरी ताणून दाखवली : एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधले अंतर पाच फूट भरले की कोपरा बरोबर. तिनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, बेरीज पंचवीस, असे मी मातीत काडीने लिहिले. त्याच प्रमेयाचा व्यत्यास तो दोन वर्षे हाताने वापरत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हते. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. मंत्रिमहोदय, ही दोन्ही वर्षे तो माझ्याच वर्गात बसत होता. मी सिद्धता फळ्यावर लिहिली, त्याने ती वहीत उतरवली, मी वही तपासून लाल शाईने सही केली. ज्यांना ती पाठ झाली ते हुशार ठरले आणि याला पाठ झाली नाही म्हणून ती त्याने खिशात नेली. दोघांनाही ती समजली नव्हती, हे त्या दिवशी मला उमगले.

मुले कॉपी का करतात, याचे उत्तर संस्कारांत किंवा मोबाइलमध्ये शोधण्याची आपल्याला सवय लागली आहे. माझ्या अनुभवात त्याचे उत्तर फार साधे आहे. नववीपर्यंत ज्या मुलाला खरे गुण कधी कळलेच नाहीत, त्याच्यापुढे दहावीत एकदम ३५ गुणांची भिंत उभी राहते. आमच्या भागात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कोयता घेऊन निघतात आणि हंगाम संपल्यावरच परततात. त्यांच्या मुलांचे वर्षातले निम्मे धडे बुडतात, पण प्रगतिपुस्तकावर श्रेणी मात्र इतरांसारखीच येते. त्या मुलाला अपूर्णांक येत नाहीत ही गोष्ट वर्गशिक्षकाला माहीत असते, मुलालाही माहीत असते, फक्त कागदाला माहीत नसते.

यात आम्ही शिक्षकही दोषी आहोत. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाकडे पाहून त्याच्याविषयी वर्णनात्मक नोंद करावी, ही कल्पना उत्तम होती. थोड्याच दिवसांत तयार नोंदींच्या पुस्तिका दुकानांत मिळू लागल्या आणि आम्ही त्यांतली वाक्ये मुलांच्या नावांपुढे उतरवून काढली. निकाल घसरला तर जाब मुख्याध्यापकाला द्यावा लागतो, संस्थाचालक विचारतात, पुढच्या वर्षी प्रवेश कमी झाले तर शिक्षक अतिरिक्त ठरतो. या भीतीपोटी कोण खरे गुण देणार?

२०१९ मध्ये दहावीच्या भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे, शाळेच्या हातातील २० गुण काढण्यात आले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. पहिल्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता, दुसऱ्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, हे मी विसरलेलो नाही. तरीही मुले एका वर्षात इतकी शहाणी झाली, असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. अंतर्गत गुण रद्द करा, असेही मी म्हणत नाही, कारण समजले की नाही हे तोंडी विचारल्याशिवाय कळत नाही. ती तोंडी परीक्षा खरोखर घेतली जावी, एवढीच मागणी आहे. शेजारच्या शाळेतील शिक्षक परीक्षक म्हणून यावा आणि प्रत्येक मुलाला त्याने स्वतः केलेल्या कामाविषयी प्रश्न विचारले जावेत. अशा प्रश्नाची चिठ्ठी कुणालाही तयार करता येत नाही.

दुसरी मागणी याहून तातडीची आहे. पाचवी ते आठवीच्या मुलांना वाचन आणि गणित किती येते, याची नोंद शाळेला कोणतीही शिक्षा न होता खरी करता यावी, आणि जिथे ती नोंद वाईट येईल तिथे नोटिशीऐवजी आणखी एक शिक्षक पाठवावा. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांसाठी उन्हाळ्यात दोन महिन्यांचे मानधनावरील वर्ग सुरू करता येतील. आमच्यासारखे निवृत्त शिक्षक गावोगावी मोकळेच आहेत. माझ्या तालुक्यात असा पहिला वर्ग यंदाच्या मे महिन्यात उघडण्याची परवानगी द्यावी. मी शिकवायला येईन, मानधनाशिवायही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक, जिल्हा बीड