चेंडूचा वेग, फलंदाजीची सरासरी आणि तक्त्यातून सुटलेले वय

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील बेसबॉलच्या होतकरू खेळाडूंविषयी आपल्या क्रीडा पुरवणीत आलेला लेख आणि त्यासोबतचा तक्ता लक्षपूर्वक वाचला. तक्त्यात एका बाजूला पिचरांच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, चेंडूचा ताशी मैलांतील वेग, दुसऱ्या बाजूला फलंदाजांची सरासरी व होम रन (बहुधा चेंडू मैदानाबाहेर धाडणारे फटके) अशी मांडणी होती आणि शेवटी सर्वांना एकत्रित क्रमांक दिलेले होते. बेसबॉलविषयी मराठीत इतके सविस्तर लिहून येते याचे समाधान आहेच. परंतु ज्या दोन प्रकारच्या आकड्यांची येथे एकच उतरंड लावली आहे, ते एका जातीचे नाहीत. शिवाय ज्या माहितीमुळे दोहोंना अर्थ आला असता, म्हणजे खेळाडूचे वय आणि तो ज्या पातळीवर खेळतो ती पातळी, तिला तक्त्यात जागाच मिळालेली नाही.

चेंडूचा वेग हे खेळाडूच्या क्षमतेचे थेट मोजमाप आहे. एखाद्या मुलाने ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर वेगाने एक चेंडू टाकला, तर त्याचा हात तेवढ्या वेगाचा चेंडू टाकू शकतो हे त्या एका चेंडूने सिद्ध होते. समोर कोण होते, क्षेत्ररक्षक कसे होते, मैदान कोणते होते याने त्यात फरक पडत नाही. पिचर जेथून चेंडू टाकतो ती पट्टी आणि फलंदाजाजवळची होम प्लेट यांत ६० फूट ६ इंचांचे अंतर असते आणि एवढ्या वेगाचा चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदांत पार करतो, त्यामुळे होतकरू खेळाडू हेरणारी स्काउट मंडळी वेगाला इतके महत्त्व का देतात हे वेगळे सांगायला नको. १९७० च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांनी वाहनांचा वेग मोजणारे पोलिसी रडार बेसबॉलमध्ये आणले. तोवर नुसत्या नजरेने आणि फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या ग्लोव्हवर होणाऱ्या आवाजावरून बांधला जाणारा अंदाज पुढे आकड्यात बसू लागला, आणि जे आकड्यात बसते त्याला हळूहळू अधिक वजन येत जाते, तसे येथेही झाले.

मात्र हे मोजमापही वाटते तितके सरळ नाही. हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत पोहोचेपर्यंत हवेच्या विरोधामुळे चेंडूचा वेग सुमारे आठ-नऊ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून यंत्राने वेग नेमका कोठे टिपला हे कळल्याशिवाय जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करता येत नाही. मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या सर्व मैदानांवर २०१५ पासून असलेली स्टॅटकास्ट ही मोजणी यंत्रणा चेंडू हातातून सुटतानाचा वेग देते. दुसरी गोष्ट अशी की, निवड चाचणीच्या मैदानावर ताजातवाना मुलगा मोजके चेंडू जीव तोडून टाकतो तेव्हाचा सर्वाधिक वेग आणि सामन्याच्या पाचव्या डावात, सत्तर चेंडू टाकून झाल्यावरचा त्याचा सरासरी वेग, यांत मोठी तफावत असू शकते. आपल्या तक्त्यात यांपैकी कोणता वेग दिला आहे, हे कोठेही नोंदवलेले नाही.

नुसत्या वेगाने पिचर घडत नाही याचा दाखला स्टीव्ह डाल्कोव्स्कीइतका ठळक दुसरा सापडणार नाही. बाल्टिमोर ओरिओल्सच्या मायनर लीग, म्हणजे मेजर लीगखालच्या पातळीवरील, संघांतून खेळणाऱ्या या तरुणाने १९६० साली स्टॉकटन येथे १७० डावांत २६२ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले, आणि तितक्याच, म्हणजे २६२ फलंदाजांना वॉक, म्हणजे चार दिशाहीन चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस, बहाल केला. त्याच्या काळी रडार गन नसल्यामुळे त्याचा वेग दंतकथेतच राहिला, आणि तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. २००८ मध्ये भारतात चेंडूचा वेग आणि अचूकता यांवर खेळाडू निवडण्याची स्पर्धा झाली, तिचेही येथे स्मरण होते. भालाफेकीतून आलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या तरुणांना त्यानंतर पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग संघाने करारबद्ध केले. दोघांनीही मेहनत घेतली, रिंकू तर काही वर्षे मायनर लीगमध्ये टिकला. पण मेजर लीग दोघांनाही दूरच राहिली. उलट टोकाला ग्रेग मॅडक्सचे नाव नेहमी घेतले जाते. त्याचा वेग त्याच्या काळातही डोळे दिपवणारा नव्हता, तरी १९९२ ते १९९५ अशी सलग चार वर्षे त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि कारकिर्दीत ३५५ विजय नोंदवले. मॅडक्सचा दाखला देऊन वेगाला मोडीत काढणारेही मला पटत नाहीत, कारण मेजर लीगमधील फास्टबॉलचा, म्हणजे सर्वांत वेगवान चेंडूप्रकाराचा, सरासरी वेग आज ताशी ९४ मैलांच्या आसपास आहे आणि त्याहून फार मागे असलेल्या मुलाला इतर सर्व बाबतींत असामान्य असावे लागते. वेग हे प्रवेशपत्र आहे, एवढेच म्हणणे रास्त होईल.

फलंदाजीच्या आकड्यांची गोष्ट निराळी आहे, कारण ते क्षमतेचे नसून निष्पत्तीचे आकडे आहेत आणि त्या निष्पत्तीत फलंदाजाखेरीज पिचर, क्षेत्ररक्षक, मैदान, बॅट आणि दैव असे अनेक भागीदार असतात. बेसबॉलमधील सरासरी म्हणजे अधिकृत संधींपैकी किती संधींत यशस्वी फटका मिळाला याचे प्रमाण. क्रिकेटप्रमाणे तिचा धावांशी संबंध नसतो. शंभर संधींमध्ये ०.२५० आणि ०.३०० यांतील फरक अवघ्या पाच फटक्यांचा असतो. दोन चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधोमध पडले, दोन बोटांना चाटून गेले आणि एखादा अंदाज चुकल्याने सुटला, की सामान्य मुलगा तक्त्यात तारा होतो. शालेय हंगामात तर बहुतेक मुलांना शंभर संधीही मिळत नाहीत. म्हणूनच स्ट्राइकआउट आणि वॉक यांचे प्रमाण मी सरासरीपेक्षा अधिक विश्वसनीय मानतो, कारण त्यांत क्षेत्ररक्षकांचा हात जवळजवळ नसतो आणि मुलाला चेंडू ओळखता येतो की नाही हे त्यांतून बरेच आधी दिसू लागते. आपल्या तक्त्यात हे दोन्ही आकडे नव्हते.

वय आणि पातळी यांवाचून आकडा कसा फसवतो, हे दोन प्रसिद्ध उदाहरणांवरून स्पष्ट होईल. बास्केटबॉलमधून निवृत्ती जाहीर करून मायकेल जॉर्डन १९९४ मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्स या डबल-ए संघाकडून १२७ सामने खेळला आणि त्याची सरासरी ०.२०२ राहिली. माइक ट्राउट जुलै २०११ मध्ये डबल-ए मधून थेट मेजर लीगमध्ये उतरला आणि त्या हंगामातील ४० सामन्यांत त्याची सरासरी ०.२२० होती. तक्त्यात हे दोघे शेजारी, आणि तेही तळाला बसले असते. परंतु जॉर्डन तेव्हा एकतिशीचा होता, शाळा सुटल्यापासून त्याने स्पर्धात्मक बेसबॉल खेळलेला नव्हता आणि समोरचे पिचर मेजर लीगपासून दोन पायऱ्या खाली होते. ट्राउट पदार्पण करताना एकोणीस वर्षांचा होता आणि जगातील सर्वोत्तम पिचरांना सामोरा जात होता. पुढच्याच वर्षी त्याने ०.३२६ ची सरासरी, ३० होम रन आणि ४९ चोरलेले (फटक्याविना धावून मिळवलेले) बेस अशी कामगिरी करून नवोदिताचा पुरस्कार पटकावला. याच ट्राउटला २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या फेरीत, पंचविसावा क्रमांक मिळाला होता, तेव्हा आकड्यांचे वाचन व्यावसायिकांनाही किती अवघड जाते हे लक्षात यावे.

हाच न्याय पिचरांनाही लागू होतो. बावीस वर्षांच्या महाविद्यालयीन तरुणाचा ताशी ९२ मैल वेग आणि अजून अंग भरायचे असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाचा तेवढाच वेग, यांना एकच क्रमांक देणे अन्यायाचे आहे. स्काउट वापरतात ती २० ते ८० ची श्रेणी या दृष्टीने अधिक शहाणी वाटते. तिच्यात ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, आणि प्रत्येक गुणासाठी आजची श्रेणी वेगळी व पुढे अपेक्षित असलेली श्रेणी वेगळी लिहिली जाते. ती माणसाच्या अंदाजावर उभी आहे हे खरे, पण तो अंदाज आहे हे ती लपवत नाही.

फलंदाजाच्या क्षमतेचे थेट मोजमाप हवे असेल तर बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूच्या वेगाकडे पाहावे. स्टॅटकास्टच्या नोंदींत ताशी ९५ मैल वा अधिक वेगाने निघालेल्या चेंडूला जोरदार फटका म्हणतात. हा आकडा मात्र सामन्यातला हवा. टी या सरावाच्या खुंटीवर ठेवलेल्या स्थिर चेंडूवर मारलेला फटका ताकद दाखवतो, पण वळणाऱ्या चेंडूपुढे त्या मुलाचे काय होते हे सांगत नाही. शाळा-महाविद्यालयांतील धातूच्या बॅटवर २०११-१२ पासून कडक निर्बंध आले असले तरी हातांजवळ लागलेला चेंडूही ती लाकडी बॅटपेक्षा अधिक सहज पुढे ढकलते. केप कॉड लीग या महाविद्यालयीन खेळाडूंच्या उन्हाळी स्पर्धेत १९८५ पासून लाकडी बॅट वापरतात, आणि स्काउट तेथे गर्दी करतात ते एवढ्याचसाठी. मैदानाचेही तसेच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फूट उंचीवरील आल्बुकर्कीच्या विरळ हवेतले होम रन आणि किनारपट्टीवरचे होम रन एकाच मापाने मोजू नयेत.

वेगाच्या याद्या छापण्याविषयी आणखी एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. आकडा छापला जातो हे कळले की मुले त्या आकड्यासाठी चेंडू टाकू लागतात. कोपराच्या अस्थिबंधाची दुरुस्ती करणारी जी शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली, ती आता शाळकरी मुलांवरही करावी लागते. आणि मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात वाढत्या वेगाचा ध्यास व प्रत्येक चेंडूवर सर्वस्व पणाला लावण्याची वृत्ती यांचा संबंध दुखापतींशी जोडलेला आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ हून अधिक चेंडू टाकू नयेत, असे २०१४ पासूनचे ‘पिच स्मार्ट’ हे मार्गदर्शक निकष सांगतात. चेंडूंच्या संख्येला मर्यादा घालता येते, वेगाला घालता येत नाही.

तेव्हा जुलैमधील ड्राफ्टच्या निमित्ताने असा तक्ता पुन्हा छापणार असाल, तर प्रत्येक नावापुढे वय, खेळण्याची पातळी आणि फलंदाजाला मिळालेल्या संधींची संख्या द्यावी, पिचरचा सर्वाधिक वेग न देता सामन्यातील सरासरी वेग द्यावा आणि पिचर व फलंदाज यांचे क्रमांक एकत्र लावू नयेत, अशी विनंती आहे. जागा अपुरी पडत असेल तर होम रनचा रकाना खुशाल गाळावा.

आपला,
एक नियमित वाचक