पट्टीवरचा १ की ९?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात एआयवर अर्धं पान आलं होतं, त्यात सगळं चॅटबॉटचंच कौतुक, म्हणून म्हटलं आपण पण लिहावं. मी देवगडचा आंबावाला, कॉम्प्युटरमधलं मला शष्प कळत नाही, मुलगी इंजिनीअरिंगला आहे तिने समजावलं तेवढंच सांगतो.

पूर्वी मुंबईहून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, यायची, हाताने लिहिलेली, वर कधी पाण्याचा डाग नाहीतर चुरगळलेली. १ आहे की ९ कळायचं नाही. वडील त्या आकड्याकडे बघत बसायचेच नाहीत, सरळ खालची बेरीज बघायचे. पेट्या १२, ८, १५ आणि तो डागवाला, एकूण ४४, म्हणजे ९च, १ असता तर ३६ झाले असते. असं दहा वेळा झालं की त्या माणसाचा ९ कसा वळतो ते डोळ्यात बसायचं, मग बेरीज बघायची पण गरज नाही.

तीच जुनी पट्टी मी फोनवरच्या एका चॅटबॉटला दाखवली. त्याने १ वाचला, खाली ४४ पण बरोबर वाचले, आणि दोन्ही लिहून मोकळा! जुळत नाही याचं काही सोयरसुतक नाही.

मुलगी म्हणाली आजोबा करायचे तेच बेल्जियमच्या ल्युव्हेन विद्यापीठात लुक दे राट नावाचे प्राध्यापक आणि त्यांची टीम करते. २००७ला त्यांनी प्रॉबलॉग नावाची कॉम्प्युटरची भाषा आणली, म्हणजे लॉजिकचे नियम, पण प्रत्येकाला शक्यता जोडलेली. मग २०१८ला डीपप्रॉबलॉग, त्यात मशीन लर्निंग, म्हणजे उदाहरणं बघून मशीनने शिकणं, घातलं. मशीनला हाताने लिहिलेल्या दोन आकड्यांचे फोटो दिले आणि फक्त त्यांची बेरीज सांगितली, हा ३ हा ५ असं कोणी सांगितलं नाही, बेरजेचा नियम तेवढा आधी लिहून ठेवलेला, आणि त्यावरून ते एकेक आकडा ओळखायला शिकलं. मला तर वडीलच आठवले.

२०२४चं गूगलचं अल्फाजॉमेट्री, भूमितीची गणितं सोडवणारं, ते पण याच जातीचं, एक भाग सुचवतो की इथे एक रेष मारून बघ, दुसरा नियमाने सिद्ध करतो, ऑलिम्पियाडची ३० पैकी २५ गणितं सुटली. यावर तुमच्याकडे अर्धं पान येईल का?

आता माझी शंका. बेरजेचा नियम लिहायला सोपा हो, पण आंबा चौदा आणे तयार झाला हे आम्ही देठाजवळचे खांदे बघून, रंग बघून ठरवतो, त्याचा नियम लिहायचा कसा? मुलीला विचारलं तर म्हणते तुम्ही सांगा मी लिहिते, चार वेळा बसलो, दरवेळी मीच वेगळं सांगतो.

वडलांच्या पट्ट्यांचं गाठोडं अजून माळ्यावर आहे. कुणा विद्यार्थ्याला अभ्यासाला पाहिजे असेल तर खुशाल न्यावं, दलालाचं नाव तेवढं खोडून देईन.

आपला,
एक बागायतदार, देवगड