सील बदलण्याआधी

वाळूज

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या मोटरसायकलचा पुढचा डावा शॉकअप गळायलाय, ब्रेक दाबला की पुढून 'टक' वाजतं आणि मेकॅनिक दोन्ही सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलू म्हणायलाय, हे तुझ्या पत्रात वाचलं. जरा थांब. गळती आणि आवाज ही दोन वेगळी दुखणी आहेत. सील बदलून टकटक जाणार नाही.

आधी आवाज शोध. गाडी मेन स्टँडवर घे, कोणाला तरी मागून कॅरियर दाबायला लाव, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. शॉकअपचे खालचे नळे एक्सलजवळ धरून मागे-पुढे ओढ आणि एक बोट खालच्या टीच्या (दोन्ही शॉकअप धरणाऱ्या पट्टीच्या) वरच्या सांध्यावर ठेव. तिथे हललं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला. मग हँडल सावकाश फिरव. बरोबर मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर त्याच्या वाट्यांना खड्डे पडलेत. तेव्हा आवळत बसू नकोस, पूर्ण सेटच टाक. वरचा सांधा घट्ट असून डस्ट सीलपाशी (नळ्याच्या तोंडावरच्या धूळ अडवणाऱ्या रबराशी) नळ्यात सरकणारा पाइप डुगडुगत असेल तर बुश (पाइप सरळ धरणाऱ्या आतल्या कड्या) झिजलेत. काही जुन्या गाड्यांत वेगळे बुश नसतातच, तिथे नळाच बदलावा लागतो. चाक आडवं हलवूनही बघ, चाकाच्या बेअरिंगचा ढिलेपणा असाच फसवतो.

आता गळती. डस्ट सील वर सरकव. आपली काळी माती पावसात चिकटते आणि वाळली की सीलच्या ओठाखाली जाऊन बसते. पुष्कळदा सील धड असतं, नुसता कचरा अडकलेला असतो. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर पट्टी कापून पाइप आणि सीलच्या मधे घाल, गोल फिरवून घाण काढ, पाइप पुसून गाडी चालवून बघ. तरी ओलं झालं तर पाइपवरून नख फिरव. नख अडकलं तिथे गंजाचा खड्डा आहे, तो नव्या सीलचाही ओठ फाडणार. क्रोम उडालेला पाइप ठेवून नवं सील टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. पाइपचा वाकडेपणा लेथवाल्याकडून व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून, डायल (मोजायचं घड्याळ) लावून तपासून घे. बऱ्याच मॅन्युअलांत मर्यादा 0.2 मिमी असते, ती नजरेला दिसत नाही.

खोलताना वरच्या टीचा क्लॅम्प बोल्ट आधी ढिला कर, मगच पाइपवरची कॅप. खाली स्प्रिंग दाबलेली असते, तोंड बाजूला ठेव. निघालेलं तेल करडं, चमचमतं असेल तर धातू झिजतोय, दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. नवं तेल मॅन्युअलप्रमाणेच भर. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली, आणि वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं. पुढून गाडी फार दबते म्हणून जादा तेल ओतायची मेकॅनिक लोकांना भारी हौस. हवेला जागा कमी उरते, दाब वाढतो आणि नवं सील पुन्हा ओकतं. दबण्याचं कारण बहुधा बसलेली स्प्रिंग असते, तिची लांबी मोज.

शेवटी एक्सल नट आवळ, पण पिंच बोल्ट (नळ्यात एक्सल दाबून धरणारा) आवळायच्या आधी पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाचदा दाब. नळे समांतर बसले नाहीत तर सील एका बाजूने झिजतं.

तेल ब्रेकच्या पॅडवर गेलं असेल तर पॅड घासत बसू नकोस, नवे टाक. आणि सील काढलंच तर त्यावरचे तीन आकडे (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी) लिहून पाठव. इथून घेऊन लातूरच्या बसने धाडतो.

तुझा,
दिलीप