सूचना : आपल्या उपनगरातील रुग्णालयाची मागणी

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारच्या सभेत रुग्णालयाच्या मागणीचे निवेदन पक्के करायचे आहे. कृपया नुसत्या खाटा वाढवून मागू नका. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन हवाच. म्हणून रात्रीही चालणारे सीटी स्कॅन, रक्तसाठा आणि भूलतज्ज्ञ यांची मागणी सर्वांत वर असावी, असे मला ठामपणे वाटते. भूलतज्ज्ञच नसेल, तर शस्त्रक्रियागृह असूनही अडलेल्या बाळंतिणीला दूर शहरात न्यावे लागते.

तुमच्या घरी अशी वेळ आली असेल, तर घरून निघाल्याची आणि उपचार सुरू झाल्याची वेळ शनिवारपर्यंत लिहून द्या. रुग्णाचे नाव नको. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना शेजाऱ्यांनी आवर्जून विचारावे.

– कार्यवाह