होडीत ट्रायपॉड नको, पंचांग हवं

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

नदीतून पक्ष्यांचे फोटो काढण्याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखात ट्रायपॉड न्यायला सांगितलं आहे. कयाक किंवा अरुंद होडीत तो नेऊच नये. तळाचा प्रत्येक हेलकावा पायांतून थेट लेन्सपर्यंत जातो, शिवाय वजन उंचावर गेलं की होडी कलंडायला वेळ लागत नाही. बैठक खाली, कोपरं गुडघ्यांवर, कॅमेरा हातात. १००-४०० मिमीची झूम लेन्स पुरते. शटरचा वेग १/१२५० सेकंदाच्या खाली आणू नये. पक्षी निवांत बसलेला असला तरी होडी फिरत असते.

लेखात भरती-ओहोटीचं नावही नाही, हे मात्र नवल! आमच्या सिंधुदुर्गातल्या कर्ली, गड, तेरेखोल या नद्या पश्चिमेकडे वाहतात. सकाळी ओहोटीबरोबर खाली आणि दुपारनंतर भरतीबरोबर वर गेलं, की दोन्ही वेळा ऊन पाठीशी राहतं आणि वल्हं फक्त दिशा धरण्यापुरतं लागतं. त्यासाठी पहाटे पाच ते सातच्या दरम्यान पूर्ण भरती हवी. ती ढोबळमानाने अष्टमी ते दशमीला मिळते. तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती-ओहोटी, असल्याने पाण्याला ओढही कमी. भरती-ओहोटीच्या कोष्टकातली वेळ नदीच्या मुखाशी धरलेली असते. आत पाणी उशिरा वळतं.

हिवाळ्यात उन्हं कलताना स्वर्गीय नर्तक हा पक्षी पाण्यावर झुकलेल्या करंजाच्या फांदीवरून अंघोळीला सूर मारतो आणि बहुधा त्याच फांदीवर परततो. फोकस फांदीवरच ठेवावा. मागे गर्द सावली असल्याने कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि फोटोत नराचा पांढरा पिसारा पार जळतो, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. एक्स्पोजर (आत येणारा प्रकाश) पाऊण ते एक स्टॉप उणे करावं.

एसी खोलीतून आणलेला कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्यावा, नाहीतर काचेवर वाफ धरते. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आधी ओलसर फडक्याने पुसावेत. कोरड्याने मीठ घासलं जातं. लाइफ जॅकेट कोपरांना अडतं, तरी काढू नये.

पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवत फिरणाऱ्या इंजिनाच्या होड्या अलीकडे वाढल्यात. त्यांना आवर घालायला हवा. फेब्रुवारीनंतर चोचीत भक्ष्य धरून खंड्या न गिळता नुसताच बसून राहिला, तर दरडीत त्याचं बीळ आहे आणि आपण वाटेत आहोत असं समजावं. कॅमेरा खाली ठेवून होडी पुढे काढावी.

आपला,
एक वाचक, कुडाळ