बाबा, चित्र डिशमुळे धुरकट नाही

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, डिश तुम्ही स्वतः बसवलीत आणि सगळ्या वाहिन्या लागल्या, याचा मला फार अभिमान वाटला. उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर, आणि 60 सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंशांची. तिला नेमकी तिकडे वळवणं सोपं नाही.

पण आई फोनवर म्हणाली की चित्र तुमच्या मनासारखं नाही, चेहरे धुरकट दिसतात, म्हणून तुम्ही पुन्हा शिडी लावून डिश जराशी फिरवून बघणार आहात. हे पत्र त्यासाठीच. कृपा करून वर चढू नका. पडण्याची भीती मला आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की धुरकटपणा तिथे नाहीच. डिश कितीही हलवलीत तरी तो जाणार नाही.

जुन्या अँटेनाचं तसं नव्हतं. जशा लहरी यायच्या तसं चित्र उमटायचं. अँटेना जरा चुकली की मुंग्या, जरा सरळ केली की मुंग्या कमी, आणखी सरळ केली की आणखी स्वच्छ. तुमच्या हाताला तीच सवय आहे. आता उपग्रहावरून येतात ते आकडे. वाटेत त्यातले काही बिघडतात, पण दुरुस्तीसाठी जास्तीचे आकडे आधीच सोबत पाठवलेले असतात आणि टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स त्यांच्या आधाराने चुका भरून काढतो. ही दुरुस्ती जमते तोवर चित्र पाठवलं तस्संच दिसतं, तसूभरही कमी नाही. ती जमेनाशी झाली की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, चित्र थिजतं, आणि सिग्नल अजून थोडा पडला की पडदा काळा. नुसतं धुरकट, पण अखंड चालणारं चित्र कमजोर सिग्नल देऊच शकत नाही.

आई म्हणाली की सामन्यात खेळाडू पळाले की चौकोन दिसतात. तेव्हा आवाजाकडे लक्ष द्या. आवाज खटकन तुटत असेल, चित्र अडकत असेल, तर दोष सिग्नलचा. आवाज नितळ आहे आणि फक्त गर्दी, पाणी, वेगवान हालचाल यांतच चौकोन दिसतात, तर ते वाहिनी पाठवणाऱ्यांकडूनच तसे येतात. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे वाहिन्या खाली पाठवणाऱ्या यंत्रावर, बऱ्याच वाहिन्या दाटीनं बसवतात, प्रत्येकीच्या वाट्याला थोडेच आकडे येतात, आणि पडद्यावर खूप काही एकदम बदललं की ते पुरत नाहीत. त्यामुळे एकाच डिशवर एक वाहिनी छान आणि दुसरी फिकी दिसते. डिश चुकली असती तर एकाच ट्रान्सपाँडरवरच्या सगळ्याच अडखळल्या असत्या.

डिश आणखी नेमकी लावण्याचा उपयोग होतो तो पावसासाठी. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते, मुसळधार पाऊस त्यांना शोषतो आणि विखुरतो. रिमोटवरून सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बघायची ती क्वालिटी. स्ट्रेंग्थची पट्टी नुसत्या गोंगाटाने, म्हणजे भलत्याच लहरींनीही भरलेली दिसते. कोरड्या हवेत क्वालिटी भरपूर असेल आणि धो धो पावसात थोडा वेळच चित्र जात असेल, तर तुमची डिश उत्तम बसली आहे.

मग धुरकट का? पहिली शंका वाहिनीवरच. एसडी, म्हणजे जुन्या साध्या दर्जाच्या चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे चार लाखांच्या थोडे वर ठिपके असतात. तुमच्या नव्या टीव्हीवर 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांच्या वर. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. आपला जुना टीव्ही लहान होता, त्यावर हेच चित्र कोरीव वाटायचं. म्हणून आधी बघा की बॉक्स एचडीचा, म्हणजे जास्त ठिपक्यांच्या चित्राचा आहे का, आणि ती वाहिनी एचडीत येते का. एकाच नावाच्या दोन वाहिन्या वेगवेगळ्या क्रमांकांवर असतात, जुन्या सवयीने आपण एसडीचाच क्रमांक दाबतो.

दुसरी शंका वायरीवर, आणि मला वाटतं खरी गोम इथेच असेल. बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी-लाल-पांढरी वायर लावली असेल तर एचडी चित्र त्यातून जाऊच शकत नाही. एचडीएमआय नावाची वायर लावा. महागडी घेऊ नका, एवढ्याशा अंतराला साधी वायर तेच चित्र देते. मग बॉक्सच्या मेनूत आउटपुट 1080 वर आहे ना तेही बघा, कधी कधी ते 576 वरच राहिलेलं असतं.

आई, चेहरे रुंद दिसतात म्हणालीस, ते चित्र ताणल्यामुळे. रिमोटवरून चित्राचा आकार 4:3 आणि 16:9 असा बदलून बघ. टीव्हीचा शार्पनेस कमी कर. वाढवला की कडांना पांढरी रेघ येते आणि चित्र उलट वाईट दिसतं. आणि तुझी खुर्ची मागे घे. एसडी चित्र पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापट अंतरावरून बघायचं असतं, एचडीला तिप्पट पुरतं.

एवढं करूनही तुझ्या आवडीच्या जुन्या मालिका मऊच दिसतील, एचडी वाहिनीवरसुद्धा. त्या चित्रित झाल्या तेव्हाच तितके ठिपके नव्हते. बाबा, त्यात तुमची काहीही कसर नाही.

मला दोन फोटो पाठवा, एक टीव्हीच्या मागच्या बाजूचा, वायरी दिसतील असा, आणि एक त्या दोन पट्ट्यांचा. क्वालिटी खरंच कमी असेल तर मी इथून तंत्रज्ञ पाठवते, वर तो चढेल. शिडी तोवर आतच राहू द्या.

तुमची लेक